आतड्याचं अस्तर, येलदरीचा उन्हाळा

मार्च महिन्यात एका मंगळवारी दुपारी सुमन गेली. फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी वेळ सांगितली. मी सही केली.

सुमन माझी बायको. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती काचपट्ट्या तयार करायची. प्राण्यांच्या अवयवांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि तपासायला द्यायचे, हे तिचं काम. पण कामापलीकडे तिला ओढ होती ती एकाच गोष्टीची, अस्तराची. शरीरात जिथे जिथे बाहेरचं जग येऊन टेकतं, म्हणजे फुप्फुसात हवा आणि आतड्यात अन्नपाणी, तिथे पेशींचा एक एकेरी पदर पसरलेला असतो. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे त्या पेशी ठरवतात. आतड्यातल्या पेशी मीठ आत ओढतात आणि मिठामागे पाणी रक्तात येतं. फुप्फुसातल्या पेशीही मीठच ओढतात, त्यामुळे पाणी निघून जातं आणि हवेची जागा कोरडी राहते. "एकाच घराण्यातल्या आहेत दोघी, युक्ती एकच," असं ती म्हणायची. शेवटच्या आठवड्यात तिच्या फुप्फुसातल्या पेशींना ती युक्ती जमेना.

तिचं माहेर परभणी जिल्ह्यात, येलदरी धरणाच्या वरच्या अंगाला. तिची पाठची दोन भावंडं हगवणीनं गेली होती. या मे महिन्यात माहेरी सूक्ष्मदर्शक न्यायचं, बायकांना आतड्याचं अस्तर डोळ्यांनी दाखवायचं आणि हगवणीत मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते शिकवायचं, असं तिनं जानेवारीतच ठरवलं होतं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. सूक्ष्मदर्शक मिळवायचा एवढंच काम माझ्या वाट्याला होतं. बाकीचंही आता माझ्याकडे आलं. मी बोलका माणूस नाही. वर्गातही मुलं मागच्या बाकावरून "सर, मोठ्यानं" असं ओरडतात. तरी निघालो.

जालना ते चारठाणा

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस होते. जालन्याच्या स्टँडवर पोलीस बसले होते आणि माझ्या हातात कुलूप लावलेली लाकडी पेटी होती. व्हायचं तेच झालं.

"ह्यात काय हाय?" हवालदारांनी विचारलं.

"सूक्ष्मदर्शक."

"उघडा."

मी उघडली. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि एकदम माणसासारखे झाले. "आमाला बी दावा की." मी आरसा उन्हाकडे वळवला आणि बकऱ्याच्या आतड्याची काचपट्टी खाली सरकवली. हवालदारांनी नळीवर डोळा इतका दाबला, की बराच वेळ त्यांना काही दिसेना. मग म्हणाले, "केसं दिसायलेत. लय केसं हायेत बकऱ्याला." त्या त्यांच्या स्वतःच्या पापण्या होत्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही त्याच दिसतात. त्यांनी शेजारच्या शिपायालाही बोलावून केस दाखवले आणि पेटी स्वतः बसच्या टपावर चढवायला निघाले. ती मांडीवर ठेवायला मिळावी म्हणून मला फार विनवावं लागलं.

बसमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मंठ्यापर्यंत गप्पा मारल्या. पाऊस, कापूस, पोराची नोकरी. मग नाव विचारलं. मी सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. त्यानंतर ते खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या साताऱ्याकडे हा प्रश्न आडवळणानं येतो, आधी गाव विचारतात, मग आळी. इकडे सरळ विचारतात. मला सरळ विचारणं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

चारठाण्याच्या फाट्यावर टायर बसलं. दुसरं चाक जिंतूरहून येणार होतं, म्हणून मी पेटी घेऊन गावात चालत गेलो. ऊन असं की सावलीसुद्धा तापलेली. जुन्या देवळाच्या खांबांवरचं कोरीव काम मात्र कालच संपवल्यासारखं स्वच्छ होतं. एका खांबावर दगडात पानांची नक्षी होती, पान न् पान वेगळं. कोणत्या कारागिरानं हे केलं ते कुणाला ठाऊक नाही. मी बराच वेळ तिथे टेकून बसलो. सुमन गेल्यापासून काही नीट पाहिलं होतं, ते हे पहिलंच.

जिंतूरच्या स्टँडवर हॉटेलवाल्यानं विचारलं, "सुशीला देऊ का?" आमच्याकडे हे बाईचं नाव. इकडे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात ती न्याहारी. वर शेंगदाण्याचं कूट आणि सोबत तळलेली मिरची. मी दोन बशा खाल्ल्या.

पूर्णेच्या काठी

गाव धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मे महिन्यात पाणी मागे सरतं आणि मागे भेगाळलेली काळी जमीन राहते. माझा मेव्हणा बबन धरणात जाळं टाकतो आणि उरलेल्या वेळात मजुरीला जातो. तो मला गावच्या फाट्यावर न्यायला आला होता. त्यानं पेटी माझ्या हातातून घेतली.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांनी दारातच माझ्या हातावर पाणी दिलं, तांब्या खाली ठेवला आणि मग रडल्या. आमच्याकडे आधी रडतात, मग पाणी. इथे उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, दुःख त्याच्यानंतर. मला ही रीत शहाणी वाटली.

रात्री ताज्या माशाचं कालवण होतं, आणि ताटापेक्षा मोठी ज्वारीची भाकरी. बबनची बायको सरू वाढत होती. तिची मुलगी मैना वर्षाची होत आली होती. ती माझ्या ताटाजवळ रांगत आली आणि भाकरीचा तुकडा उचलून गेली.

"चोरटी हाय, आत्यावर गेलीय," मामी म्हणाल्या, आणि भाकरीचा आणखी एक तुकडा तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुद्धविहाराच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. आमच्या वस्तीतल्या बायका जमल्या. जावई असल्यामुळे मला टोमणे ऐकावे लागणार हे ठरलेलंच होतं.

"दाजी, येवढ्या लांबून बकऱ्याचं आतडं आनलं? हितं काय कमी हायेत व्हय?"

"शिजवून आनायचं की मग!"

मी सांगितलं, "वजडीतलं आतडं धुताना आतल्या बाजूनं हाताला मऊ लव लागते की नाही? टॉवेलसारखी? तीच ही. माणसाच्या आतड्यालाही तशीच असते." मग एकेकीनं पाहिलं. पापण्या सगळ्यांना दिसल्या. पापण्यांच्या पलीकडे जेव्हा अस्तर दिसलं, तेव्हा सरू ओरडली, "अगं बया, जोंधळ्याचं रान हाय की हे! वळीनं हुबं हाय!"

खरंच तसंच दिसतं. एकाला एक लागून उभे असलेले बोटांएवढे कोंब, आणि प्रत्येक कोंबावर पेशींचा एकेरी पदर. मी समजावलं, की हगवणीचं विष या रानातल्या पेशींत शिरतं आणि पेशीच्या आतल्या एका निरोप्याला सतत जागं ठेवतं. तो सारखा हुकूम देतो, "पाणी सोडा, पाणी सोडा," आणि बाहेर जाणारा दरवाजा मिटतच नाही. पण त्याच पेशीला आत येणारा दुसरा एक दरवाजा आहे. त्याच्यावर त्या निरोप्याचा हुकूम चालत नाही. त्या दरवाजाला मीठ आणि साखर दोन्ही लागतात. दोन्ही आली की तो दोघांना आत घेतो आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणून हगवणीत पाणी बंद करायचं नाही. अर्ध्या लिटरच्या गडव्यात उकळून गार केलेलं पाणी, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, चार बोटांवर मावेल एवढी साखर. सगळ्यांनी चिमटी धरून दाखवली. मागच्या बाकावरून कुणी "मोठ्यानं" म्हटलं नाही. मला वाटलं, सुमनचं काम झालं.

मैना

तिसऱ्या दिवशी पहाटे मैनाला हगवण लागली, मग उलट्या.

सकाळी मी पाहिलं तेव्हा सरू तिला वाटीनं पाणी पाजत होती. जुन्या रीतीप्रमाणे पाणी तोडलं असतं, कारण पाजलेलं तितकंच खाली जातं असं सगळ्यांना वाटतं. इथे माझं ऐकून पाजत होते. मला अभिमान वाटला, हे लिहायला हवं. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो.

ऊन चढलं तसं पोरीचं रडणं बारीक झालं. जेवणवेळेला मी आत गेलो. तिचे डोळे खोल गेले होते. टाळू बसली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच उभी राहत होती. जिंतूरची बस दुपारची नव्हती. बबन गाडी मिळते का ते बघायला धरणाच्या वसाहतीकडे धावत गेला.

"सकाळधरनं पाजायलेय," सरू म्हणाली. "गडव्यावर गडवा. जितकं पाजलं तितकं जायलंय."

मामी भिंतीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमची एक तुमच्या शहरात गेली, पावणं. आता ही तुमच्या पान्यानं..." पाणी तोडलं असतं तर पोर गेली तरी रीतीनं गेली असती. आता ती माझ्या शब्दावर होती, आणि माझा शब्द म्हणजे सुमनचा.

मी वाटीत बोट बुडवून चाटलं. नुसतं गोड. सरबतासारखं गोड.

"मीठ कुठाय, सरू?"

सरूनं मामींकडे पाहिलं.

"मीठ म्या घालू दिलं न्हाई," मामी म्हणाल्या. "आजारी लेकराला मीठ घालत्यात व्हय? ताप येऊ द्या, गोवर येऊ द्या, आमी पहिलं मीठ तोडतो. अळनी पथ्य असतंय. तुमी शिकलेले, पर लेकरं तुमाला कुठं झालीत? साकर लेकराला गोड लागती, तेवढी घातली. जास्तच घातली."

मायेनं घातली होती. मूठभर जास्त. आणि ती जास्तीची साखर आतड्यात तशीच पडून उलट अंगातलंच पाणी बाहेर ओढत होती. मिठाशिवाय तो दरवाजा उघडत नव्हता. विहाराच्या ओट्यावर मी पेशी सांगितली, दरवाजा सांगितला, निरोप्या सांगितला. आजारात मीठ तोडायची या घरांतली रीत मात्र मला ठाऊकच नव्हती, म्हणून तिच्याबद्दल मी अक्षर बोललो नव्हतो.

आता समजावायला वेळ नव्हता आणि मला पटकन बोलता येत नाही. मैना रडत होती. मी एवढंच म्हणालो, "मामी, तिच्या डोळ्यांकडे बघा. रडतेय, पण आसवं कुठायत?"

मामी पुढे सरकल्या. त्यांनी पोरीच्या गालावर बोट फिरवलं. गाल कोरडा होता.

"आसवं खारट असतात," मी म्हणालो. "तिच्या अंगातलं मीठ पाण्याबरोबर वाहून गेलंय. आसवालासुद्धा उरलं नाही. आपण नवं काही घालत नाही, तिचंच तिला परत देतोय. आणि साखर एकटी आत जात नाही. मीठ सोबत असलं तरच दार उघडतं."

"म्हंजी मेहून म्हना की," सरू मधेच बोलली. मेहूण म्हणून सवाष्ण नवऱ्यासोबत जेवायला बोलवायची चाल सवर्णांच्या वरच्या आळीत आहे. एकटी आली तर पाट मांडत नाहीत. "जोडीनं आली तरच पंगतीला घेतंय ते आतडं. एकटीला दारातनंच माघारी."

इतका वेळ मला जे सांगायचं होतं ते तिनं हसत न हसत एका वाक्यात बसवलं. मामी मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या. गडवा विसळला, चुलीवरचं गार झालेलं पाणी ओतलं, साखर मोजून घातली, आणि मिठाच्या मडक्यापाशी थांबल्या.

"किती खारट?"

"आसवाइतकं. त्याहून जास्त नाही."

चिमूट घालून, ढवळून त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं. डोळे मिटले. सुमन गेल्यापासून दोन महिने त्या माउलीला ती चव रोजची होती. ती कुणी शिकवायची गरज नव्हती.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "धर, सरू."

चमचा चमचा पाजायचं ठरलं. उलटी झाली की थोडं थांबायचं आणि पुन्हा चमचा. मैनाला मी मांडीवर घेतलं, सरू पुढच्या गडव्याचं पाणी उकळायला चुलीपाशी गेली. मामी चमचा देत होत्या. पत्र्याखाली घराची भट्टी झाली होती, शेजारच्या दोघी पदरानं वारा घालत होत्या. एक उलटी झाली. मग झाली नाही. पहिला गडवा संपला. दुसरा केला, तोही मामींनी चाखून केला. पोर झोपली की बेशुद्ध झाली हे मला कळेना, म्हणून मी सारखा तिच्या पायाला चिमटा घेत होतो आणि ती सारखी पाय झाडत होती. बबन परत आला. वसाहतीतली जीप बाहेर गेली होती, आल्यावर देतो म्हणाले होते. तो दारातच उभा राहिला, आत पाऊल टाकेना.

ऊन कलायला लागलं, आणि माझ्या मांडीवर काहीतरी गरम वाहिलं. मला वाटलं पुन्हा हगवण. खाली पाहिलं तर स्वच्छ पिवळी धार. पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"मुतली!" मी ओरडलो. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी बोललो नसेन. "मामी, मुतली! पाणी रक्तात पोचलं! मूत्रपिंडापर्यंत पोचलं!"

"दाजीवर मुतली वो!" शेजारणीनं बाहेर जाऊन आळीला सांगितलं. बायका धावत आल्या. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं. "मानपान झाला जावयाचा!" "पँटीचा कपडा घ्या रं कुणी दाजीला!" बबन दारातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गोंगाटानं मैना जागी झाली आणि रागानं रडायला लागली. मामींनी तिच्या गालावर बोट टेकवलं आणि ते बोट आम्हा सगळ्यांना दाखवलं. ओलं होतं.

जीप संध्याकाळी आलीच. आम्ही पोरीला जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सुई न टोचता परत पाठवलं. "तेच पाजत ऱ्हा, आईचं दूध तोडू नका," एवढंच सांगितलं.

वरची आळी

मैनाची बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. दोन दिवसांनी सकाळी वरच्या आळीतली एक तरुण बाई वस्तीच्या तोंडाशी, लिंबाखाली येऊन उभी राहिली. सरू म्हणाली, ती तिच्याच वयाची, मोठ्या शेतकऱ्याच्या घरची सून. नामांतराचा वाद पेटल्यापासून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद होतं. आमच्या बायकांना तिकडच्या शेतात कामही मिळत नव्हतं.

"मावशी, ते मिठाचं पानी कसं करायलाव तुमी?" तिनं लांबूनच विचारलं. "माझ्या ल्योकाला हगवन लागलीय."

"आमच्या हातचं चालंल का तुमाला?" मामींनी पाखडायचं सूपही खाली ठेवलं नाही.

"लेकरू माझं हाय. हात कुनाचा बी असू द्या."

बबन म्हणाला, "आये, जाऊ नगंस. काल कुठं होती ही मानसं?"

मामी उठल्या. "म्या दोन पुरलीत रं," त्या मुलाला म्हणाल्या. "तिला न्हाई पुरू देनार." आणि डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. मी मागे गेलो. त्या घराच्या ओसरीवर म्हातारे मालक बसले होते. ते आम्हाला पाहून उठून आत गेले. सुनेनं तिच्याच घरातला गडवा, तिचंच पाणी, मीठ, साखर आणून मामींपुढे ठेवली. मामींनी करून चाखलं आणि चमचा तिच्याकडे दिला. "तू बी चाख. जिभंला कळाया पायजे, पुन्ना मला कुठं बोलवशील." तिनं तोच चमचा तोंडात घातला. मग तिनं विचारलं, "लय खारट न्हाई ना?" आणि मामींनी सांगितलं, "आसवाइतकं."

गावाच्या इतिहासात याची नोंद कुणी करणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही विहिरी दोनच राहिल्या. पण मी ओसरीच्या पायरीशी उभा राहून ते पाहिलं, आणि परतताना मामी इतक्या झपाट्यानं चालत होत्या की मला त्यांना गाठता येईना. चौकातल्या बायकांना त्या हात करून मोठ्यानं सांगत होत्या, "प्यायलंय लेकरू! ऱ्हातंय त्याच्या पोटात!"

निघायच्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. विहारात खीर झाली. सूक्ष्मदर्शक पुन्हा ओट्यावर मांडला आणि या वेळी मी एक शब्द बोललो नाही. सरूच सांगत होती. निरोप्या तिनं वगळला. मेहूण मात्र ठेवलं, आणि सगळ्यात आधी मिठाचं सांगितलं.

हे परत आल्यावर, सावकाश, रोज थोडं थोडं लिहिलं आहे. बबनच्या पत्रावरून कळतं, की त्या उन्हाळ्यात दोन्ही आळ्यांत मिळून एकही लेकरू हगवणीनं गेलं नाही. पुण्याच्या घरात मी एकटा असतो. मैना चालायला लागली आहे.